डावीकडं वीतभर

पोराचं जावळ सोमवारी काढायचं ठरलं होतं, मामाच्या मांडीवर. हरिबानं त्यासाठी मिलमधून एक दिवस मागून ठेवला होता. मग मिलचा संपच सुरू झाला, तेव्हा अंबुबाई हसून म्हणाली होती, "आता काय, दादाला सगळेच दिवस मोकळे की!"

चांदमारीच्या सकाळी मात्र ती हसत नव्हती. पोलीस लाइनीतल्या त्या एका खोलीत, चुलीपुढं, पोराला पदराखाली घेऊन ती बसली होती. तिचा नवरा येडू कमरेचा पट्टा आवळत होता.

"आज ज्यांचा नेम बसंल, त्यास्नी मिलच्या दारात उभं करणार म्हणं. खरं हाय?"

"व्हय."

"दादा रोज तितंच असतुया."

"ठावं हाय मला."

"मग चुकवा की!" पोर दचकलं, तशी ती त्याला थोपटू लागली. "दुसरं कुणी जाऊ द्या. तुमच्या बंदुकीम्होरं माझा भाऊ नगं."

येडूचं लहानपण वळसंगच्या माळावर मेंढरांमागं गेलेलं. लांडग्याला गोफणीचा धोंडा मारायचा तर लांडग्यावर मारायचा नसतो, वाऱ्याचं वाऱ्याला देऊन, वारं येतं त्या अंगाला थोडा सरकवून मारायचा, हे बापानं शिकवलेलं. वारा त्याला कानाच्या पाळीवर कळायचा. पोलिसात आल्यावर गोफणीची बंदूक झाली एवढंच. दोनशे पावलांवरचा काळा चांद तो सहज भेदायचा.

त्या दिवशी साहेब उशिरा आले. तोवर माळ तापला, डावीकडून वारा सुटला. मृगजळात चांद पाण्यात पडल्यागत हलू लागला.

"पाच गोळ्या," जमादार बसलिंगप्पानं सांगितलं. "तीन चांदात पडल्या की निवड."

येडूला लबाडी करायची गरजच पडली नाही. त्यानं नेम सरळ चांदावर धरला आणि वाऱ्याचं वाऱ्याला दिलं नाही. पाचही गोळ्या वाऱ्यानं उजवीकडं नेल्या. खड्ड्यातल्या माणसानं पाचही वेळा चुकल्याची लाल झेंडी हलवली.

"काय रे, धनगराचा तू, अन् वारं कळंना व्हय?" जमादार म्हणाला. "का बायकोनं झोपू दिलं न्हाय?"

"पोरगं रडत हुतं, जमादारसाब."

सगळे हसले. येडूही हसला.

त्याच्यानंतर चन्नवीर. दुधनीचा, मनानं लोण्यासारखा. पण चाप ओढताना भिऊन हिसका द्यायचा, आणि गोळी हटकून डावीकडं जायची. त्याच्या डावीकडं उभं राहू नका, असं लाइनीतली पोरंसुद्धा चिडवायची. त्या दिवशी त्याचा हिसका डावीकडं आणि वारा उजवीकडं. चार गोळ्या चांदात बसल्या.

"आरं, कुणाचा अंगारा लावून आलास!" जमादारानं त्याच्या पाठीत थाप मारली.

येडूच्या ओठांवर आलं होतं, की साहेब, हे ह्यानं न्हाई, वाऱ्यानं मारलंय. पण तसं म्हटलं असतं तर, तुला वारं कळतंय तर तुझ्या पाच कशा गेल्या, असं कुणीही विचारलं असतं.

चौथ्या दिवशी, दिवस कलताना, मिलच्या फाटकापाशी गर्दी दाटली. दोन्हीकडं उंच भिंती, मधे बोळ. हरिबा फाटकाच्या कठड्यावर चढून बोलत होता. समोरच्या पोलिसांकडून बघता त्याच्या उजवीकडं, खांद्याला लागून, अजून न पेटलेला कंदील. साहेबांना माणूस मारायचा नव्हता. "कंदील फोड," ते चन्नवीरला म्हणाले. "काच पडली की पांगतील."

गर्दी पांगली. कंदील तसाच राहिला.

रात पडायच्या आत चन्नवीर येडूच्या दारात येऊन बसला, टोपी हातात घेऊन. आत अंबुबाईचा आक्रोश चालला होता. त्याला उंबरा ओलांडवेना.

"अण्णा, देवाशपथ, नेम कंदिलावरच हुता. चांदमारीत चार बसल्या हुत्या की रं माझ्या!"

"बोळात वारं हुतं?"

"न्हाय. पान हालत नव्हतं." चन्नवीरनं बोटं फाकून दाखवली. "वीतभर. वीतभर डावीकडं गेली."

तेरावा झाला. अंबुबाईचं दूध आटलं होतं. पोर नुसतंच छातीशी झोंबायचं आणि रडायचं. त्या दुपारी ते येडूच्या मांडीवर कसंबसं झोपलं. ती भिंतीला टेकून बसली होती.

"एक बरं झालं," ती म्हणाली. "तुमी नव्हतासा तितं. तुमच्या हातनं न्हाई झालं, येवढं तरी देवानं राखलं."

चाळीस पावलं. बंद बोळ, पडलेला वारा, टांगलेला कंदील. गोफणीनंसुद्धा फोडला असता त्यानं.

"व्हय," येडू म्हणाला.

पोराचं जावळ घामानं कपाळाला चिकटलं होतं. अंबुबाईनं हात लांबवून ते डोळ्यांवरून बाजूला केलं.

"आता कुणाच्या मांडीवर काढायचं हे?"

येडूनं पोराला दोन्ही हातांनी अलगद उचललं, जागं होऊ न देता, आणि तिच्या मांडीवर ठेवलं. मग तो दाराकडं तोंड करून बसला.