सीवर्डच्या शेतातलं फावडं

माझी बायको झेल्मा एकतीस वर्षं जहाजांच्या गोदीत वेल्डर होती. पाणबुडीच्या पोटात आडवं पडून, तोंडावर मुखवटा ओढून तिनं जे सांधे मारले ते अजून समुद्राखाली फिरताहेत. मी पोस्टमन. कुत्री चुकवत पत्रं टाकण्यात माझी सगळी नोकरी सरली. त्यामुळे हातानं करायच्या कामाबद्दल आमच्या घरात शेवटचा शब्द तिचा, हे लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठरून गेलं होतं.

निवृत्त झाल्यावर तिनं मेटल डिटेक्टर घेतला. जेम्स नदीच्या दक्षिणेला, आमच्या भागात, हा नाद बऱ्याच जणांना आहे. आज जिथे भुईमूग होतो तिथे इंग्रजांच्या राजवटीत तंबाखूचे मळे होते, आणि नांगर दरवर्षी काही ना काही वर काढतो. पितळी बटणं, बुटांची बक्कलं, शिशाच्या गोळ्या. नशीब जोरावर असेल तर चांदीच्या स्पॅनिश नाण्याचा कापलेला तुकडा.

क्लिंट सीवर्डच्या शेताची परवानगी मागायला ती स्वतः गेली. सीवर्डांच्या कितीतरी आधी तिथे मोठा मळा होता आणि झेल्माच्या आजीकडचे लोक त्या मळ्यावर गुलाम होते. क्लिंटला ते माहीत होतं. दारात उभा राहून टोपी मागे सारत तो म्हणाला, "मिस झेल्मा, शेंगा काढून झाल्या की खुशाल या. खड्डे तेवढे बुजवा. आणि जे सापडेल ते तुमचं."

"आमचंच आहे ते," झेल्मा म्हणाली.

तो हसला, पण खाली बघून.

आता या नादातली एक गोष्ट सांगायला हवी. शेतात लोखंड फार. खिळे, तारा, ट्रॅक्टरचे बोल्ट. म्हणून सगळे जण आपलं यंत्र असं लावून घेतात की लोखंड आलं की ते गप्प बसतं आणि तांबं, पितळ, चांदी आली की वाजतं. झेल्मानं पहिल्या दिवसापासून लोखंडाचा आवाज चालू ठेवला. ते यंत्र दिवसभर कुरकुरायचं, आणि ती प्रत्येक कुरकुरीला वाकायची. तिच्यामागे फावडी आणि बादली घेऊन मी.

आमच्या डिटेक्टरवाल्यांच्या मंडळातला बर्ट एकदा बायकोबरोबर आला आणि बादलीत डोकावला. "झेल्मा, भंगारचं दुकान काढतेस की काय?"

"काढलं तर तुझी गाडी पहिली घेईन," ती म्हणाली.

बर्टच्या बायकोलाच जास्त हसू आलं.

सापडलेल्या प्रत्येक तुकड्याच्या जागी ती एक छोटी निशाणी रोवायची आणि घरी येऊन कागदावर टिंब काढायची. नोव्हेंबर संपेपर्यंत कागदावर ओढ्याकाठच्या एका कोपऱ्यात टिंबांची गर्दी झाली. एक बिजागरी, पातेलं टांगायचा आकडा, साखळीची कडी. आणि तिथेच, कोपरभर खोल, ते फावडं.

मला ते गंजाचं ढेकूळ वाटलं. विजेनं गंज सुटावा म्हणून झेल्मानं मागच्या ओसरीत टब ठेवला, पाण्यात धुण्याचा सोडा टाकला, बॅटरीचा चार्जर जोडला आणि फावडं त्यात सोडून दिलं. चार दिवस पाणी फेसाळत राहिलं. रोज सकाळी माझी न्याहारी होण्याआधी ती टबापाशी. पाचव्या दिवशी ब्रशनं घासून तिनं ते खिडकीच्या उजेडात धरलं आणि पात्यावरून नख फिरवत राहिली.

"काय झालं गं?"

"ऑटिस, हे बघ. इथून वर एक लोखंड आहे, इथून खाली दुसरं. पातं झिजून संपलं होतं. कुणीतरी नवं पोलाद तापवून, ठोकून याला जोडलंय. निम्मं फावडं नवीन केलंय."

मी चष्मा लावून बघितलं. "मला तर सांधा दिसत नाही."

"तेच तर सांगतेय तुला."

मग तिनं बिजागरी, आकडा आणि कडी शेजारी मांडली आणि माझा अंगठा धरून एकेका वस्तूच्या कडेवरून फिरवला. दांडा बसतो त्या भोकाची कड, आकड्याची मान, बिजागरीचा बाहेरचा कोपरा. जिथे जिथे माणसाचा हात लागणार, तिथली धार हातोडीच्या बारीक ठोक्यांनी मारून टाकलेली होती. बाकीच्या कडा तशाच कच्च्या.

"हे करायला वेळ लागतो," ती म्हणाली. "मालकानं सांगितलं नसणार. त्याच्या हातात कुठे फावडं जाणार होतं? ज्यांच्या हातात जाणार होतं, त्यांच्यासाठी केलंय हे. आणि चारही वस्तूंवर हात एकच आहे."

मार्चमध्ये जिल्ह्याच्या संग्रहालयात लोकांना आपापल्या वस्तू ओळखून घ्यायला बोलावलं होतं. झेल्मानं चर्चला घालायचा निळा कोट घातला. डॉक्टर हॅलोरान नावाच्या बाई टेबलापाशी होत्या, पन्नाशीच्या, बोलायला गोड. त्यांनी फावडं हातात घेतलं. "सुंदर आहे. साधारण सतराशे सत्तर. ही फावडी इंग्लंडहून पिंपं भरभरून यायची."

"वरचा भाग आला असेल," झेल्मा म्हणाली. "पातं इथलं आहे. सीवर्डच्या शेतात ओढ्याकाठी लोहाराची भट्टी होती."

बाईंनी नकारार्थी मान हलवली. "मळ्याच्या मालकाची पत्रं आमच्याकडे आहेत, मिसेस प्रेटलो. अवजारं दुरुस्तीला शहरातल्या स्कॉटिश लोहाराकडे जायची. मळ्यावर भट्टी असल्याचा कुठेही उल्लेख नाही."

"पत्र लिहिणाऱ्यानं कधी हातोडी उचलली होती का?"

रांगेत कुणीतरी खोकलं. मी मनात म्हटलं, आता ही चिडणार. पण ती चिडली नाही. गोदीत नवीन पोरांना शिकवायची त्याच आवाजात तिनं बाईंना सांधा कुठे आहे ते नखानं दाखवलं, मग चारही वस्तूंच्या कडांवरून त्यांचा अंगठा फिरवला. बाईंनी आकडा दोनदा उचलला.

"हे एका हातचं आहे असं वाटतं खरं," त्या म्हणाल्या. "पण भट्टी तिथे होती हे यावरून कसं सिद्ध होणार? वस्तू कुठूनही येऊ शकतात."

"बरोबर आहे तुमचं. शनिवारी या. जुने बूट घालून या."

शनिवारी क्लिंटही आला, उकडलेल्या शेंगांची पिशवी घेऊन. झेल्मानं एक जाड लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि ओढ्याकाठच्या मातीतून सावकाश फिरवलं. वर काढलं तेव्हा पिशवीला काळे, चकचकीत पापुद्रे चिकटले होते, माशाच्या खवल्यांसारखे पातळ. वीस पावलं दूर जाऊन तेच केलं. तिथे जवळजवळ काही नाही. परत आली, पुन्हा पिशवी काळी.

डॉक्टर हॅलोराननी गुडघे टेकले. चिमटीत पापुद्रे घेऊन त्या बघत राहिल्या.

"तापलेल्या लोखंडावर घाव बसला की हे उडतात," झेल्मा मला आणि क्लिंटला म्हणाली. बाईंना सांगायची गरज उरली नव्हती. "ऐरणीभोवती पडतात आणि तिथेच राहतात. खिशात घालून कुणी नेत नाही."

बाई उठल्या. गुडघ्यांवरचा चिखल त्यांनी झटकलाही नाही. "मिसेस प्रेटलो, ती पत्रं मी बावीस वर्षं वाचतेय," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं."

मला त्या बाई तेव्हापासून आवडायला लागल्या. चुकलं म्हणणारी शिकलेली माणसं पोस्टात असताना मला फारशी भेटली नव्हती.

क्लिंटनं तो कोपरा पेरायचा नाही असं ठरवलं. मे महिन्यात संग्रहालयाच्या लोकांनी तिथे तीन आठवडे खोदलं. विटांचा जळका चौथरा निघाला, ऐरणीचा ओंडका रोवलेला खड्डा निघाला, भट्टीत साचलेला लोखंडाचा मळ टोपल्या भरून निघाला. झेल्मा रोज तिथे. कॉलेजची मुलं एखादा तुकडा हातात घेऊन आधी तिच्याकडे धावायची, मग बाईंकडे. आणि बर्ट? बर्टनं एक दिवस मला हळूच विचारलं, "यंत्रावर लोखंड चालू कसं करायचं रे?"

"बायकोलाच विचार माझ्या," मी म्हणालो. त्यानं विचारलं. तिनं दाखवलं, भंगाराचं नावही न काढता.

मग बाईंना कोर्टाच्या जुन्या कागदांत त्या मळ्यावरच्या माणसांची यादी मिळाली. सतराशे चौऱ्याहत्तर सालची. त्रेपन्न नावं. एका नावापुढे एकच शब्द होता: मिंगो, लोहार.

बाई आमच्या घरी आल्या, स्वयंपाकघरात बसून त्यांनी तो कागद पुढे केला. "तुमचे पूर्वज याच मळ्यावरचे. हा तुमचाही कुणी असू शकेल."

झेल्मानं कागद वाचला. ते नाव तिनं बोटानं दाबून धरलं. "असू शकेल, पण तपासल्याशिवाय मी सांधा पास करत नाही," ती म्हणाली. "तो माझ्या धंद्यातला होता. एवढं नातं मला पुरे आहे."

संग्रहालयात फावड्याखाली लावायच्या पाटीचा मजकूर बाईंनी तिला दाखवायला पाठवला. 'मळ्यावरील गुलामाने दुरुस्त केलेले इंग्रजी फावडे.' झेल्मानं माझं पेन मागितलं आणि टेबलावर वाकून बसली. नवं पातं घडवणं म्हणजे नुसती दुरुस्ती नव्हे, हे तिनं मलाच दोनदा समजावून सांगितलं, जणू पाटी मी लिहिली होती. मी आपलं हो हो म्हणत राहिलो.

सप्टेंबरमध्ये दालन उघडलं. आमच्या चर्चची निम्मी माणसं आली होती, क्लिंट आईला घेऊन आला होता. फावडं काचेत उभं होतं, कडा दिसाव्यात म्हणून बाजूनं दिवा सोडलेला. पाटी मी मोठ्यानं वाचली, कारण आयुष्यभर मी लोकांना लिहिलेलं पोचवत आलोय आणि असा मजकूर माझ्या हाती कधी पडला नव्हता.

"पाते घडवणारा लोहार, बहुधा मिंगो. याच मळ्यावरच्या भट्टीत, सुमारे १७७४. वरचा भाग इंग्लंडचा. सांधा झेल्मा प्रेटलो, वेल्डर, यांनी ओळखला."

"पुन्हा वाचा," क्लिंटची आई म्हणाली. त्यांना ऐकू कमी येतं. मी पुन्हा वाचली, जास्त मोठ्यानं. बाजूच्या दालनातली माणसं बघायला आली.

झेल्मा काचेपाशी वाकली होती, चष्मा कपाळावर.

"काय शोधतेस?"

"डाव्या कोपऱ्यात सांधा जरासा उघडा आहे. पोलाद थंड पडलं असेल, नाहीतर कुणीतरी त्याच्यामागे घाई लावली असेल."

"मग? गोदीत नापास केला असतास?"

ती सरळ झाली. कोट नीट केला. गेल्या चाळीस वर्षांत मी तिला पदकं घेताना पाहिलंय, निरोप समारंभात साहेबानं नाव घेताना पाहिलंय. त्या दिवशीसारखी ताठ ती कधी उभी राहिली नव्हती.

"नापास?" ती म्हणाली. "मी त्याच्या हाताखाली शिकायला राहिले असते."

मग डॉक्टर हॅलोरान शाळेतल्या काही शिक्षिकांना घेऊन आल्या आणि झेल्मा त्यांचे अंगठे धरधरून, काचेवरूनच, त्या कडा कशा आहेत ते सांगत राहिली.