चारचे आजोबा

ही गोष्ट १९६८ सालची. मी तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये परगावचे कॉल जोडत असे. नोकरी अजून कच्ची होती.

रोज दुपारी चारला एक म्हातारे गृहस्थ एकाच परगावच्या नंबरासाठी कॉल नोंदवत. आम्ही चिठ्ठी लिहायची, दहा-दहा मिनिटांनी तीनदा घंटी द्यायची आणि कोणी उचललं नाही की त्यांना तसं कळवायचं. दोन वर्षांत तिकडे एकदाही कोणी उचललं नव्हतं. आम्ही त्यांना ‘चारचे आजोबा’ म्हणायचो. शेजारच्या बोर्डावर बसणारी माझी मैत्रीण चिमणी मला चिडवायची, “घे, आले तुझे. घड्याळ लाव त्यांच्यावर.”

गर्दी असली की त्यांच्या चिठ्ठीवर घंटी न देताच ‘उत्तर नाही’ लिहायचं, हे सगळ्याच जणी करत. कुणाला त्यात वावगं वाटत नसे. न उचलणाऱ्या घरात घंटी वाजली काय नि न वाजली काय.

त्या गुरुवारी मुख्य केबल तुटली होती. निम्मे बोर्ड बंद, उरलेल्यांवर बसलेल्यांच्या नाकी नऊ आलेले. चारला आजोबा म्हणाले, “बाळ, आज जरा नीट लाव हं.”

“रोज काय वाकडा लावते का, आजोबा?” मी म्हटलं. चिमणी तोंडावर पदर धरून हसली. मी चिठ्ठी लिहिली आणि बाजूला सारली.

साडेचारला त्यांना कळवलं, उत्तर नाही.

त्यांनी विचारलं, “घंटी गेली होती ना गं? तुला ऐकू आली?”

“हो, तीनदा.”

“म्हणजे तिनं ऐकली असणार.” आणि मग, “तुम्हा मुलींना फार त्रास दिला मी. आता नाही द्यायचा.”

साडेपाचला त्याच गावाहून कॉल आला. बाईचा आवाज होता. आजोबा रोज मागत तोच नंबर, मला पाठ होता.

“ताई, एक विचारायचं होतं. आज माझ्या वडिलांनी कॉल नोंदवला होता का?”

आमच्यावर देखरेख करणाऱ्या मोठ्या बाई माझ्या पाठीशीच उभ्या होत्या. चिठ्ठी माझ्या कोपराखाली होती. खरं सांगितलं असतं तर त्याच दिवशी घरी बसावं लागलं असतं. मी म्हटलं, “नोंद दिसत नाही.”

“अच्छा.” त्या जराशा हसल्या. “माझ्या लग्नावरून आमचं बिनसलं होतं. दोन वर्षं, एखाददुसरा दिवस सोडला तर रोज चारला घंटी वाजायची, मी शेजारी बसून ऐकायची. परवा मीच पत्र टाकलं, गुरुवारी लावा, उचलते. तीनपासून बसलेय इथं. नेमका आजच नाही. मिळालं मला उत्तर.”

“मी जोडून देऊ का त्यांना?” मी विचारलं.

“नको. आपण होऊन किती वाकायचं, बाई.”

तरी मी आजोबांचा नंबर फिरवला. घंटी वाजत राहिली. सहाला पुन्हा फिरवला. सुटीची वेळ झाली तेव्हा चिठ्ठी फाडून पिशवीत टाकली.

बोर्डावर शेदोनशे भोकं होती. दुसऱ्या दिवशी एकेकात तार खुपसायला मला दुप्पट वेळ लागत होता. प्रत्येक भोकाशी कोणीतरी तीनपासून बसलेलं असणार, असं वाटायचं. महिन्याभरात हात पुन्हा सराईत झाले, हेही सांगायला हवं.

आजोबांनी टेलिफोन परत केला. अर्जावर कारण लिहिलं होतं, ‘गरज उरली नाही.’ पुढच्या वर्षी ते गेले. शेजाऱ्यांनी चार दिवसांनी दार फोडलं. चिमणी लग्न करून परदेशी गेली. तिला ते आजोबा आठवतही नाहीत, पत्रात तसं लिहिलं होतं तिनं. मोठ्या बाई मानानं निवृत्त झाल्या. माझी नोकरी पक्की झाली. एकतीस वर्षं केली.

निवृत्तीनंतर मी त्या गावी गेले. त्या बाईंच्या यजमानांनी दार उघडलं. बाईंना जाऊन तीन वर्षं झाली होती. “माहेरचा विषय काढलेला तिला खपत नसे,” ते म्हणाले. “वडील गेल्याचं कळलं त्या दिवशीही स्वयंपाक केला तिनं.” त्यांनी पाणी दिलं, ओळख विचारली.

टेलिफोनमधली, एवढंच मी सांगितलं.