बोर्डावरची बाई

संघप्रिया सोलापुरात जाहिरातीच्या एका लहानशा दुकानात डिझायनर होती. वंध्यत्वावर उपचार करणाऱ्या दवाखान्याचे सहा बोर्ड संध्याकाळपर्यंत छापायचे होते आणि डॉक्टरांना उदास बाईचा फोटो हवा होता. परवाना घेऊन फोटो विकत घ्यायचा तर मालकाची मंजुरी लागायची, एक दिवस जायचा. तिच्याकडे टेलिग्रामवरच्या एका चॅनेलवरून फुकट उतरवलेला पाच हजार फोटोंचा गठ्ठा होता. त्यातली हिरव्या साडीतली, मान खाली घातलेली एक बाई तिने उचलली. शेजारी मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘मूल होत नाही?’

आठवड्याने, बोर्डाच्या कोपऱ्यातला दुकानाचा नंबर पाहून, टेंभुर्णीहून फोन आला. बोर्डावरची बाई कोण, असं एक माणूस शांतपणे विचारत होता. मॉडेल आहे, असं तिने सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच आवाज, तोच प्रश्न. तिसऱ्या दिवशी फोन आला नाही. तो माणूस दुकानातच आला. त्याचं नाव नंदीश. मागे बोर्डावरची बाई उभी होती, त्याची बायको चंद्रिका.

चंद्रिकाने मोबाइल पुढे धरला. तोच फोटो, बहिणीच्या पाठवणीच्या वेळचा. फोटोग्राफरने तो इंटरनेटवर टाकला होता, तिथून कुणीतरी उचलला होता.

“आमाला दोन पोरं हायत,” नंदीश म्हणाला. “आता गावात लोक विचारत्यात, ती कुणाची?”

“मला कुणी विचारलंच न्हाय की,” चंद्रिका म्हणाली.

फोटो कॉम्प्युटरने बनवलाय असं सांग, म्हणून मालक खुणावत होता. संघप्रियाने खरं ते सांगून टाकलं. रात्र व्हायच्या आत सहाही बोर्ड उतरवले. नव्या बोर्डासाठी दवाखान्यातली एक नर्स तयार झाली. तिची लेखी संमती घेऊनच फोटो काढला. तो गठ्ठा संघप्रियाने पुसून टाकला.

पंधरा दिवसांनी चंद्रिकाचा फोन आला. वेळापूरला गुप्तरोगाच्या एका बोर्डावर ती पुन्हा दिसली होती. या वेळी साडी वेगळी होती.

“माझे अजून किती फोटो हायत त्यात?” तिने विचारलं.

मोजायला तो गठ्ठा आता संघप्रियाकडे नव्हता. दुसऱ्या दिवशी दोघी सायबर पोलिसांकडे गेल्या. तक्रारीत संघप्रियाने स्वतःचंही नाव लिहायला लावलं. गठ्ठा किती जणांकडे असेल, असं हवालदाराने विचारलं, तेव्हा तिने ते चॅनेल उघडून दाखवलं. सभासद चाळीस हजारांवर होते.