सुंदराबाईंचा डबा

अमरावतीच्या क्लासमध्ये साधना मुलांना 'गैरसमज' शब्दाचा अर्थ सांगत होती. "समोरच्याला न विचारता आपणच काहीबाही ठरवून बसतो, तो गैरसमज." मनात मात्र शेजारच्या सुंदराबाई होत्या. साधनानं पाटवड्या भरून दिलेला डबा त्या परत करायचं नाव काढत नव्हत्या. साधनानं तर बोलणंच टाकलं होतं.

संध्याकाळी सुंदराबाई दारात उभ्या राहिल्या. डबा गव्हाच्या, शेवयांसारख्या सरगुंड्यांनी गच्च भरलेला.

"तुया डबा रिकामा कसा देऊ, बाई? सरगुंडे वाळाले येळ लागते."

साधनानं डबा दोन्ही हातांनी घेतला.

"अन् तू बोलत नव्हती, तं मले वाटलं, लेकरांच्या परीक्षेनं थकली असशीन."

हा गैरसमज मात्र साधनानं तसाच राहू दिला.