जिलेबी खाणारी बाई

“ह्ये तोंड कुणाचं हाय, ताई?”

आशाबाईंनी मोबाइल टेबलावर असा आपटला की दमयंतीच्या कपातला चहा बशीत सांडला. मोबाइल त्यांचा नव्हता. त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन होता. हा पुतण्याकडून मागून आणलेला, काच तडकलेला. त्या काचेमागे आशाबाई स्वतः होत्या. हातात जिलेबी, ओठांवर पाक, डोळे हसून हसून बारीक झालेले. शेजारी लाल पट्टीत पिवळी अक्षरं : ‘शुगर आहे? तरी रोज जिलेबी! फुलंब्रीच्या आजींचं गुपित.’ आणि खाली ठळक हिरवं बटण, ‘गुपित पाहा’.

“तुमचंच आहे, आशाबाई,” दमयंती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

“मला शुगर हाय?”

“नाही.”

“म्या रोज जिलेबी खाती?”

“नाही हो.”

“मग ह्ये कुणी लिवलं?”

दमयंतीनं बशीतला सांडलेला चहा पुसायला घेतला. लिहिलं होतं तिनंच. अक्षर न् अक्षर तिचं.

“आमच्या दिराच्या, कारभारी भाऊजींच्या पायाची दोन बोटं काल घाटी दवाखान्यात काढली,” आशाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. “अंगठा आन् त्याच्या शेजारचं. दोन महिनं झालं, गोळ्या बंद करून ह्ये चूर्ण खायलेत. डागतरनं इचारलं, कुणी सांगितलं तुमाला? तर म्हन्ले, आमच्या वहिनीनं. म्या तिथंच हुभी व्हते, ताई. सगळा वॉर्ड माज्याकडं बघाया लागला.”

टी. व्ही. सेंटरच्या चौकातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या जाहिरातीच्या ऑफिसात आशाबाई सहा वर्षं झाडलोट आणि चहापाणी बघत होत्या. फुलंब्रीच्या पलीकडच्या वस्तीवरून रोज सकाळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून यायच्या. उशिरा आल्या असं कधी झालं नाही. आज मात्र त्यांनी झाडूला हात लावला नव्हता.

आता हा फोटो आला कुठून, तेही सांगायला हवं. १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, ऑफिसच्या इमारतीच्या गच्चीवर झेंडा झाला आणि खाली सगळ्यांना जिलेबी वाटली. आशाबाई जिन्यात बसून खात होत्या. कोणीतरी काहीतरी बोललं, त्या खळखळून हसल्या आणि दमयंतीनं मोबाइलवर टिपलं. “काढू ना फोटो?” असं विचारलंही होतं. “काढा की, म्हातारीचा काय करता?” असं त्या म्हणाल्या होत्या. एवढीच काय ती परवानगी.

दमयंतीनं गुलमंडीच्या एका छापखान्यात बावीस वर्षं लग्नपत्रिकांची अक्षरं जुळवली होती. पत्रिका मोबाइलवर जाऊ लागल्या, छापखान्याला कुलूप लागलं आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी तिनं हे नवं काम शिकून घेतलं. बातम्यांच्या साइटवर मधेमधे ज्या पट्ट्या येतात ना, जाहिरातीच्या, त्या बनवायच्या. लोक त्या बघतही नाहीत, अंगठ्यानं वर सरकवून मोकळे होतात. हजार जणांना दिसली तर दोघं-तिघं बोट लावतात. त्या दोघा-तिघांचे पाच करायचे, पाचाचे सात करायचे, यातच तिचा सगळा दिवस जायचा. आणि खोटं कशाला बोला, हात होता बाईचा. तिला कळायचं की चित्रातलं माणूस जिकडे बघतं तिकडेच वाचणाऱ्याची नजर जाते, म्हणून चेहऱ्याचे डोळे बटणाकडे वळवायचे. आठ शब्दांच्या वर एक शब्द नाही. अर्धं सांगायचं, अर्धं झाकायचं. आणि गोरीपान विकतची मॉडेल लावण्यापेक्षा आपल्या आत्या-मावशीसारखं तोंड लावायचं, कारण परक्या माणसाच्या सांगण्यावरून कोणी औषध खात नाही.

झेंड्यानंतर थोड्याच दिवसांत साखरेवरच्या चूर्णाचं काम आलं. हिरवा डबा, आत कसलीशी पूड. दमयंतीनं विकतच्या फोटोंवर चार पट्ट्या केल्या, चारही पडल्या. मग तिला जिन्यातला फोटो आठवला. नुसता लावून बघावा म्हणून लावला, नंतर बदलू म्हणून. दुसऱ्या दिवशी विश्वजित, तिचा मालक, तिशीचा मुलगा, खुर्चीवरून उडालाच. “हजारात सव्वीस! ताई, सव्वीस! तुम्ही जादूगार आहात!” आणि त्या दिवशी दमयंतीला, लाज वाटते सांगायला, पण आनंद झाला होता. बावीस वर्षांत तिच्या पत्रिकेला कोणी जादू म्हटलं नव्हतं.

गावाच्या नावाची कल्पनाही तिचीच. वाचणारा जिथला असेल तिथलं नाव पट्टीत आपोआप बसायचं. लासूरमध्ये उघडलं की ‘लासूरच्या आजी’, अजिंठ्यात उघडलं की ‘अजिंठ्याच्या आजी’. सगळीकडे ते खोटं होतं. फक्त एका ठिकाणी, फुलंब्रीत, ते खरं वाटलं. कारभारी सकाळी मक्याचे भाव बघायला मोबाइल उघडायचे आणि भावांच्या मधोमध वहिनी जिलेबी खाताना दिसायची. वहिनीला शुगर आहे आणि तिनं आपल्याला सांगितलंही नाही, औषध सापडलं तेही लपवलं, म्हणून ते मनातून रुसले होते. रुसूनच त्यांनी डबा मागवला. विचारायला म्हणून गेले नाहीत. आणि ते एकटे नव्हते. वस्तीवर सतरा घरांत हिरवे डबे होते. आशाबाईंनी काल एकेक मोजून काढले होते. जो तो म्हणे, तुझाच फोटो बघून घेतला की.

“ह्ये काडून टाका, ताई. आत्ताच्या आत्ता,” आशाबाई म्हणाल्या. “माजं नाव ग्येलं. गावात माज्या शब्दावर पोरींची लग्नं जुळत्यात. आता मला कोन इचारील?”

दमयंती उठली आणि तडक विश्वजितच्या केबिनमध्ये गेली.

त्यानं ऐकून घेतलं. चेहरा पडला, “अरेरे” म्हणाला. घरी माणूस चांगला होता तो, आईला दवाखान्यात स्वतः न्यायचा. मग त्यानं खुर्ची मागे रेलली.

“वाईट झालं, ताई. पण आपण कुठं म्हणालो गोळ्या बंद करा? आपण प्रश्न विचारलाय. शुगर आहे? पुढं प्रश्नचिन्ह आहे ना.”

“विश्वजित, त्यांचा पाय गेला असता.”

“औषध कंपनीचं आहे. आपण फक्त बोर्ड लावतो. बोर्ड लावणाऱ्याला कोणी धरतं का?”

दमयंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. करून सवरून नामानिराळं राहायचं कसं, हे या पोराला कोणी शिकवलं? मग तिच्या ध्यानात आलं की बटणावर ‘गुपित’ हा शब्द टाकताना तीही असाच विचार करत होती. त्यानं तिचा राग आणखीच भडकला.

“पट्टी उतरव.”

“उतरवतो हो. महिनाअखेर करार संपतोय, मग—”

“आज उतरव.”

“ताई, आज उतरवून काय होणार? कंपनीनं तो फोटो अजून तीन ठिकाणी दिलाय. नागपूरला चालू आहे, सोलापूरला चालू आहे. फोटो आता आपला राहिलाच नाही.”

“तो कधी आपला होता?” दमयंती ओरडली. बाहेरच्या पोरापोरींची बोटं की-बोर्डवर थांबली. “त्या बाईचं तोंड आहे ते! विचारलंस तिला? मी तरी विचारलं? जिलेबी खाताना हसली बिचारी, तर आपण ते हसू उचललं आणि विषाच्या डब्यावर चिकटवलं!”

विश्वजितनं हळूच दार लावून घेतलं. ते दार लावणंच दमयंतीच्या जिव्हारी लागलं.

ती जागेवर येऊन बसली. आशाबाई अजून तिथंच उभ्या होत्या.

“काय म्हन्ले?”

“बसा इथं,” दमयंती म्हणाली. “दुसरा फोटो काढू. आपणच सांगू लोकांना.”

विश्वजितला न विचारता, त्याच जागेवर, त्याच मापात तिनं नवी पट्टी बनवायला घेतली. आशाबाईंना खिडकीजवळच्या उजेडात बसवलं, मोबाइल धरला आणि चार वर्षांच्या सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, “जरा हसा ना.”

आशाबाईंनी तिच्याकडे नुसतं बघितलं.

“कशापायी हसू?”

दमयंतीनं जीभ चावली आणि फोटो काढला. सरळ समोर बघणारा, ओठ मिटलेला चेहरा. पट्टीवर लिहिलं : ‘मला शुगर नाही. माझा फोटो खोटा वापरला. तुमच्या गोळ्या बंद करू नका.’ खाली बटण, ‘खरं काय ते वाचा’. तिला येत होतं ते सगळं तिनं त्यात ओतलं. रंग तोच लाल-पिवळा, अक्षर तेवढंच ठळक. दुपारी एक वाजता पट्टी लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी विश्वजित तिच्या टेबलाशी आला. तो चिडलेला असता तर बरं झालं असतं. त्यानं कागदावर आकडा लिहून आणला होता.

“कालपासून बेचाळीस हजार लोकांना दिसली, ताई. बोट लावलं किती जणांनी? एकोणीस.”

दमयंतीनं चष्मा नीट करून आकडा बघितला.

“एकोणीस! हजारात अर्धासुद्धा नाही. त्यातले चारपाच तर आपणच असू.” तो कागद तिच्यापुढे ठेवून म्हणाला, “मी तुम्हाला काही बोलत नाही. पण बघा तुम्हीच. लोकांनाच नकोय. लोकांना जिलेबी पाहिजे.”

खरं होतं ते. मेल्याचं बोलणं खरं होतं आणि त्याचाच संताप होता. हे तिला कालच, पट्टी लावतानाच कळलं होतं. हसणाऱ्या तोंडावर बोट जातं, रागावलेल्या तोंडाला अंगठा वर ढकलून देतो. अर्धं झाकलेलं उघडावंसं वाटतं, सरळ सांगितलेलं कोण उघडणार? त्यात उघडायला काय उरतं? ज्या विद्येवर तिचं घर चालत होतं त्याच विद्येनं तिला सांगितलं होतं की हे चालणार नाही.

“जुनी पट्टी परत लावतोय मी,” विश्वजित म्हणाला. “महिनाअखेरपर्यंत.”

“लाव,” दमयंती म्हणाली. “पण माझ्या हातानं नाही. आणि ती पट्टी या खोलीतून चालू आहे तोवर मीही या खोलीत नाही.”

“ताई, उगाच असं...”

“उगाच? माणसाची बोटं कापली रे, बोटं! आणि तू मला बोटं मोजून दाखवतोयस!”

तिनं चष्म्याची डबी, जेवणाचा डबा आणि पाण्याची बाटली पिशवीत टाकली. चार वर्षांत टेबलावर तिचं एवढंच होतं. जिन्यात आशाबाई फरशी पुसत होत्या.

“रविवारी घरी आहात का?” दमयंतीनं विचारलं.

“हाये की. का?”

“मी येते. त्या सतरा घरांत आपण दोघी जाऊ.”

आशाबाईंनी फडकं पिळलं. “तुमी येऊन काय करनार, ताई?”

“मी लिहिलं म्हणून सांगणार. तुमच्यासमोर, त्यांच्यासमोर.”

“या मंग,” आशाबाई म्हणाल्या आणि पुढची पायरी पुसू लागल्या. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि दमयंतीनंही ते मागितलं नाही.

रविवारी दुपारी वस्तीवर चांगलंच ऊन होतं. पहिलं घर ठकूबाईंचं. सत्तरीची म्हातारी, जेवून ओट्यावर सुपारी कातरत बसलेली. कोनाड्यात हिरवा डबा दिसत होता. दमयंतीनं हात जोडले आणि जे पाठ करून आली होती ते सांगितलं. ती जाहिरात मी लिहिली, आशाबाईंना त्यातलं काहीही ठाऊक नव्हतं, सगळं खोटं आहे. ठकूबाईंनी ते ऐकलं, पण बघितलं तिच्याकडे नाही. त्यांनी शेजारचा मोबाइल उचलला, बोट फिरवलं आणि आशाबाईंच्या तोंडाशेजारी धरला.

“ह्यात तर तू हसायलीस,” त्या म्हणाल्या. एकदा मोबाइलकडे बघितलं, एकदा आशाबाईंकडे. “हितं कावायलीस. म्या कुनाचं आयकू?”

दमयंतीला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. ती काहीतरी बोलायला गेली, पण आशाबाईंनी हातानंच तिला थांबवलं. त्या ओट्यावर चढल्या आणि ठकूबाईंच्या समोर मांडी घालून बसल्या.

“जेवलीस का?”

“आत्ताच की.”

“दवाखान्यातल्या गोळ्या कुठं हायेत तुज्या?”

“आसत्याल आत. डब्यात.”

“आन जा. जेवल्यावरची घ्यायची ऱ्हायलीय ना तुजी? माज्यासमोर घे. तू गोळी घेतल्याबिगर म्या हितून हलत नाय.”

“अगं पर—”

“आन म्हन्ते ना!”

ठकूबाई कुरकुरत उठल्या. आत भांडी वाजली, मग पाकीट चुरगळल्याचा आवाज आला. त्या तांब्या आणि गोळी घेऊन बाहेर आल्या, आशाबाईंकडे रागानं बघत गोळी तोंडात टाकली आणि घटाघटा पाणी प्यायल्या.

“आ कर,” आशाबाई म्हणाल्या.

म्हातारीनं आ केला. आशाबाईंनी वाकून, लहान पोराचं बघावं तसं, जिभेखाली बघितलं. गोळी गेली होती. कोनाड्यातला हिरवा डबा त्यांनी स्वतः उचलला आणि दमयंतीच्या हातात दिला. दमयंतीनं तो पिशवीत टाकला.

मग आशाबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि चपला घालून पुढच्या घराकडे चालू लागल्या. अजून सोळा घरं राहिली होती.