ऑर्डर न निघालेली बदली

कोलकात्यातल्या आमच्या गार्डन रीचच्या रेल्वे कॉलनीत कुणी घरातल्या वस्तू वाटायला लागलं, की कारण विचारत नाहीत. बदली आली, असं समजायचं. तुळशीची कुंडी एका घरी, बादल्या दुसऱ्या घरी, उरलेलं तिखट-हळद तिसऱ्या घरी. घेणारे आनंदाने घेतात आणि "पोचलात की कळवा" म्हणतात.

म्हणून मागच्या वर्षी, दहावीत, मी माझ्या वस्तू वाटत सुटले तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही. रॅकेट खालच्या मजल्यावरच्या मुलीला, स्केचपेनांचा डबा तिच्या भावाला. "नागपूर का?" लोक विचारायचे. मी मान हलवायचे. मला जिथे जायचं होतं तिथे ऑर्डर लागत नाही, हे कुणाला सांगणार?

घाबरू नका. हे मीच लिहितेय, म्हणजे मी आहे! आणि इतकी आहे, की हल्ली फोनवर बोलायला बाबांना दुसऱ्या खोलीत जावं लागतं.

एकच असं कारण नव्हतं. चौथी शाळा. वर्गात सगळ्यांचं भरभर बांगला आणि माझं अडखळत. झोप लागायची नाही. साठत गेलं सगळं, आणि एक दिवस तो विचार आला आणि जाईचना.

शेवटी उरली सायकल. ती घेऊन मी समोरच्या इमारतीतल्या सुमनकाकूंकडे गेले. सात बदल्या पचवलेली बाई. त्यात काका नेमके त्या टेबलावर, जिथून बदल्यांच्या ऑर्डरी निघतात. हे मी साफ विसरले. एवढी मी हुशार!

"काकू, ही तुमच्या भाचीला."

काकू मेथी निवडत होत्या. "का गं? पंक्चर आहे?"

"नाही, आमची बदली..."

"कुणी केली? तू? तुझ्या बाबांची ऑर्डर निघाली असती तर यांनी आधी मला सांगितलं असतं, मग रेल्वेला."

मी सायकलची घंटी उगाच ओढणीने पुसायला लागले.

"आणि बदलीत माणूस बादल्या वाटतो, बाळा. सायकल बरोबर नेतो." काकूंनी मेथी बाजूला सारली, मला हाताला धरून खाली बसवलं. "नूपुर, मरावंसं वाटतंय का तुला?"

चहा घेतेस का, इतकं सरळ. मला वाटायचं, हे कुणी विचारलं तर घर डोक्यावर कोसळेल. काहीच कोसळलं नाही. मी "हो" म्हटलं आणि सगळी मेथी रडून भिजवली.

"बरं केलंस, बोललीस," काकू म्हणाल्या. "आता एकटी राहायचं नाही. चल, आईकडे."

"आईला नका ना सांगू!"

"सांगणार. तू सांग, मी शेजारी बसते. नाहीतर मी सांगते, तू शेजारी बस. तिसरा पर्याय नाही."

काकूंनीच सांगितलं. आईने गॅस बंद केला, परत लावला, परत बंद केला. मग मला इतकं घट्ट धरलं की माझा चष्मा वाकला. बाबा भर दुपारी ऑफिसातून घरी आले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर. मग दर शनिवारी एस्प्लनेडजवळ मधुवंतीदी, म्हणजे माझ्या समुपदेशक. पहिल्या शनिवारी मी जेमतेम अकरा शब्द बोलले. आता त्यांना मला घड्याळ दाखवावं लागतं. त्या म्हणाल्या, पूर्ण वाक्य सुचत नाही अशा वेळेसाठी एक शब्द ठरवून ठेव. बाबा पडले रेल्वेचे, म्हणून आम्ही सिग्नलचे रंग ठरवले! हिरवा म्हणजे ठीक. पिवळा म्हणजे जरा लक्ष ठेवा. लाल म्हणजे हातातलं टाकून या, प्रश्न नंतर.

दोन महिने मी हिरवी होते. डिसेंबरात चक्क बांगला वादविवादात दुसरी आले. काकूंनी अख्ख्या जिन्याला संदेश, म्हणजे इथली मिठाई, वाटले.

आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी, घरी एकटी असताना, तो विचार परत. काही घडलंही नव्हतं. भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. कालच सगळ्यांनी जिच्यासाठी संदेश खाल्ले, तिने आज लाल म्हणायचं? मी फोनवर ‘हिरवा’ टाइप केलं. पुसलं. परत टाइप केलं. परत पुसलं.

मग ‘लाल’ पाठवलं, काकूंना आणि आईला.

काकू आल्या त्या अर्ध्या डोक्याला मेंदी, वर प्लॅस्टिकची पिशवी, अशा अवतारात. मला हसू आलं आणि रडूही.

"हस, हस. दोन जिने चढलेत, गुडघ्यांचं बिल तुलाच पाठवते."

"काकू, मला वाटलं तुम्ही आता कंटाळाल. बरी झाले म्हणून संदेश काय, आणि लगेच..."

"संदेश वादविवादाचे होते गं. बरं झाल्याचे वाटलेच नाहीत अजून." त्या माझ्या पलंगावर फतकल मारून बसल्या. "आणि कंटाळले तर कंटाळले. इथेच बसून कंटाळेन."

पंधरा मिनिटांत आई रिक्षाने आली, धापा टाकत, एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्यात कुणाची तरी. काकू तोंड उघडणार, इतक्यात मीच बोलले.

"आई, तो विचार परत आलाय. मला भीती वाटतेय. मधुवंतीदींना फोन लावू या, आणि तू इथेच बस."

आईने चपला दारातच काढल्या आणि बसली.