मुठीतली चावी

चावीवाल्याच्या डोक्यात एकदा किडा शिरला की तो ब्रह्मदेवालाही काढता यायचा नाही, असं त्याची बायको म्हणायची, आणि तिचं काही खोटं नव्हतं. पुरानंतर शाळेच्या सभागृहात मदतछावणी उघडली, तेव्हा तो तिथे आला होता एका साध्या कामाला. चाळीस घरांचं सामान एका छताखाली, सरमिसळ नको म्हणून संस्थेने प्रत्येक कुटुंबाला पत्र्याची पेटी दिली होती. पेट्यांना कुलपं बसवायची, जादा चाव्या घासून द्यायच्या. तेही फुकट.

दुसऱ्याच दिवशी त्याला ती पोरगी दिसली. सातेक वर्षांची, पेटी घ्यायला आलेल्या आईच्या मागे उभी, उजवी मूठ करकचून आवळलेली. छावणीत तिचं नावच पडलं होतं मूठबाई. जेवायची डाव्या हाताने, दप्तर घेतलं तेही डाव्याच हाताने, आणि चित्रांची वही कोरीच. छावणी सांभाळणाऱ्या ताईने बाहुली दाखवली, डॉक्टरांनी गोळ्यांची लालूच दाखवली, शेवटी दोघांनीही हात टेकले.

"घराची चावी आहे आत," आई म्हणाली. "घर गेलं, आजोबा पाय मोडून दवाखान्यात पडलेत, आणि ही चावी सोडत नाही. का म्हणून विचारलं की रडते."

झालं! चावी म्हटल्यावर आमचा गडी गप्प बसतोय होय? पण त्याने मूठ उघडायला नाही सांगितलं. आपलं भलंमोठं जुडगं तिच्यासमोर ठेवलं आणि एकेक चावी दाखवत सुटला. ही एका म्हातारीच्या कपाटाची, आत नुसत्या बरण्या. ही सायकलची, सायकल चोरीला गेली, चावी उरली.

"मी एवढ्या दाखवल्या. तू नुसतं टोक दाखव."

बऱ्याच वेळाने बोटांच्या फटीतून पितळेचं टोक बाहेर आलं. तीन दात, मधला झिजलेला.

"दाराची. आणि खूप वर्षं वापरलेली," तो म्हणाला. "शेवटी कोणी फिरवली?"

मूठबाईने आईकडे पाहिलं. आई पेटीत कपडे रचत होती. मग पोरगी त्याच्या कानाशी येऊन म्हणाली, "कुणीच फिरवली नाही. ते कुलूप नुसतं दाबायचं असतं. आई म्हणाली, पळ, कुलूप लावून ये. मी अडकवलं. पण दाबलं का, ते आठवत नाही. दाबलं असतं तर पाणी आत आलंच नसतं ना?"

एवढीशी पोर, आणि अख्खा पूर आपल्या डोक्यावर घेऊन बसली होती! तुझी चूक नाही, असं चावीवाला म्हणाला असता. पण मोठ्यांच्या अशा बोलण्यावर पोरं किती विश्वास ठेवतात, हे त्याला ठाऊक होतं. त्याने फक्त दाराचा रंग विचारला. निळा.

दोन दिवस तो पुलाजवळच्या ढिगाऱ्यात फळ्या उपसत राहिला. लोक म्हणाले, याचं डोकं फिरलंय. तिसऱ्या दिवशी निळं दार सापडलं, चौकटीला धरून तसंच वाहत आलेलं. कडी कोयंड्यात बसलेली आणि कुलूप अडकवलेलं. त्याने चिखल पुसला.

दांडी वरच होती. कुलूप उघडं होतं.

खरं काय झालं, हे शोधायची भारी हौस होती ना त्याला, घे आता! मग त्याने कुलपात तेल सोडलं, दांडी चार वेळा वरखाली केली आणि अंगठ्याने दाबली. खट्. जन्मभर लोकांची कुलपं उघडून पोट भरलं त्याने. हे एक लावलं. कडी-कोयंड्यासकट लाकडाचा तुकडा करवतीने कापून त्याने काखोटीला मारला.

छावणीत मूठबाईने कुलूप ओढून पाहिलं. मग मूठ उघडली. तळहातावर चावीचे तीन दात उमटलेले होते. चावी शिरली, फिरली, दांडी वर आली.

"मग पाणी आलं कुठून?"

"खिडकीतून, भिंतीखालून. पाणी काय दारातूनच येतं?"

तिने कुलूप परत दाबलं. खट्. तिच्या कपाळाला आठी पडली.

"त्या दिवशी असा आवाज नव्हता आला."

चावीवाल्याने विचारलं, "पाऊस होता का तेव्हा?"

"खूप. आईची हाकसुद्धा ऐकू येत नव्हती."

"मग खट् कसं ऐकू येईल?"

मूठबाईने बराच विचार केला. मग चावी त्याच्या जुडग्यात ओवायला घेतली, दोन्ही हातांनी.

"कुणी विचारलं तर सांगा," ती म्हणाली, "ही कुलूप लावलेल्या घराची आहे."

"सांगेन की," तो म्हणाला, आणि पुढे जन्मभर तसंच सांगत राहिला.